सुझदल न बघता गेलेला पाहुणा

सुझदल, ऑगस्टअखेर

तीर्थस्वरूप जिनाइदा वन्सं यांना धाकट्या भावजयीचा, कापाचा, कमरेत वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तरीही वाकून.) तुमचे गुडघे कसे आहेत? कोबीची पानं बांधताय ना? इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे होतं, तुमचा माणूस येईपर्यंत.

तुम्ही लिहिलं होतंत, आमचे शेजारी सावेली त्रोफिमोविच बिचारे एकटे आहेत, व्होल्गावरच्या बोटींची इंजिनं सांभाळण्यात जन्म गेला, त्यांना आठवडाभर ठेवून घे आणि एकदा धड सुझदल दाखव. वन्सं, दाखवायला मी तयार होते हो, बघायला कोण तयार होतं? तुम्हाला ठाऊक आहेच, अर्सेनी देवाघरी गेल्यापासून वरच्या दोन खोल्या मी प्रवाशांना देते, आणि लेक ल्युबा मला मॉस्कोत आपल्या नवव्या मजल्यावर न्यायला टपली आहे. थंडीच्या आत घर विकायचं की नाही, हे तिला कळवायचं आहे. म्हटलं, हा कदाचित शेवटचा पाहुणा, याचं तरी यथासांग करावं.

पहिल्या सकाळी मी त्यांना सगळा मार्ग समजावला. आधी इथला क्रेमलिन किल्ला, मग बाजाराची जुनी ओळ, मग मठ. उकडलेली अंडी दिली, माझ्या हातच्या खारवलेल्या काकड्या दिल्या. गृहस्थ फाटकापर्यंत गेले आणि फाटक कुरकुरलं. झालं! बिजागरी काढली, घासली, तेल घातलं आणि अंडी तिथेच बसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पुलापर्यंत सोडून आले, तर माझ्या मागोमाग घरी हजर. म्हणे, "कामेन्का ही नदी? आमच्या व्होल्गाला याहून मोठी शिंक येते!" मी म्हटलं, नदी राहू द्या, चर्चच्या निळ्या घुमटांवरचे सोन्याचे तारे तरी बघा, जपानहून लोक येतात. तर म्हणतात, "तारे ना, दिसतात की तुमच्या माळ्याच्या खिडकीतून." मठातल्या घंटा ऐकायला लोक ताटकळत उभे राहतात, आणि हे काकडीच्या वेलांत बसून मला विचारतात, "इथे ऐकू येतात, तिथे जाऊन काय डोळ्यांनी ऐकायच्या?" लोकांचं काखेत कळसा नि गावाला वळसा, यांचं उलटंच, गावभर कळस आणि हे वळसे घालतात माझ्या परसाला. आठशे वर्षांपूर्वीच्या भिंतींचा असा अपमान आमच्या गावात कुणी केला नव्हता.

आणि काकड्या! दोन बरण्या संपवल्या आणि वर म्हणतात, मीठ किंचित कमी आहे. (कमीच होतं. पण पाहुण्याने बोलावं?) मग धुराड्यात शिरले. काजळी काढून कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे बाहेर आले आणि म्हणाले, "नाहीतर थंडीत धूर कोंडला असता तुम्हाला." थंडीत मी इथे असणार, हे यांना सांगितलं कुणी? माझा नुसता संताप झाला. त्यात शेजारची फाइना कुंपणावरून ओरडते, "काय गं कापा, पाहुणा भाड्याचा की कायमचा?" गावात मान वर करून चालायची सोय राहिली नाही.

शेवटी निघायचा दिवस आला. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून निघताना बसतात तसे आम्ही बसलो, सामान पायाशी, तोंडं मिटून. आता बसायचं म्हणजे किती? एक श्वास घ्यायचा, देवाचं नाव घ्यायचं, उठायचं. तुमचा माणूस बसला तो बसलाच. पाहुण्याच्या आधी उठणं बरं दिसत नाही, म्हणून मीही बसले. व्लादिमीरला जाणारी बस निघून गेली. ते म्हणाले, "गेली वाटतं." मी म्हटलं, "गेलीच." आणि बॅग उचलून चक्क शीळ घालत वर गेले! घरात शीळ, वन्सं! लक्ष्मी घर सोडते, एवढंही बोटीवर शिकवत नाहीत? दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. या खेपेला ते डोळे मिटून बसले आणि मीच मधे उठले, कामं खोळंबली होती. मग एकदाचे गेले. फाटक उघडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. घर इतकं शांत झालं की मला भारी राग आला.

तेव्हा असली माणसं पुन्हा पाठवू नयेत, ही कळकळीची विनंती. गुडघ्यांना जपा.

तुमची भावजय,
कापितोलिना

ता. क. तुमचे शेजारी आपली बोटीवरची निळी टोपी इथेच विसरले आहेत. ज्याची वस्तू राहिली त्याला परत यावंच लागतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. टोपी पोस्टाने जात नाही. ल्युबाला अजून काही कळवलेलं नाही.

आणखी ता. क. वन्सं, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. ते डोळे मिटून बसले होते ना, तेव्हा खुंटीवरची टोपी मीच काढली आणि थंड चुलीत लपवली. अर्सेनीला हे आवडलं नसतं का? तुमच्या पाठचा भाऊ तो, तुम्हीच सांगा. आवडलं नसतं असं म्हणालात, तर टोपी पोस्टाने जाते. मी विचारून आले आहे.