शार्लट अजून सुटली नाही

चँडलर, ॲरिझोना
१२ जानेवारी

ती. मनोहरकाकांस,
शि. सा. न.

“तुमच्या इतिहासात बायका फक्त वारस द्यायला येतात,” असं शुभाकाकू पोळ्या लाटताना म्हणाली होती, आठवतं? तुम्ही पेपरात तोंड लपवलं होतं. आता तिच्यासाठीच कादंबरी लिहिताय. इंग्लंडची राजकन्या शार्लट १८१७ साली बाळंतपणात गेली नसती, तर व्हिक्टोरियाऐवजी तीच राणी झाली असती. छानच. पण काका, दिवाळीपासून ती बिचारी कळाच देतेय! आमची अनिका मला रोज विचारते, आजोबांची राजकन्या सुटली का.

काकूला जाऊन वर्ष होत आलं. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून पिशव्या घेऊन तुम्ही बर्फातून येता. शेजारचे प्रताप फोनवर म्हणाले, दोनदा घसरलात. आता इकडेच राहायला या ना.

आणि रागावू नका, पण पत्राखाली तुम्ही अजून ‘सौ. शुभा व मनोहर’ लिहिता. काकूच्या नावाआधी ‘कै.’ लिहायचं राहून जातंय का?

तुमची,
विनीता

शिकागो
२१ जानेवारी

चि. विनीतास,
अनेक आशीर्वाद.

प्रताप चुगलखोर आहे. मी एकदाच घसरलो. दुसऱ्यांदा नुसता बसलो होतो.

‘कै.’ राहून जात नाही, मी लिहीत नाही. परक्या राजकन्येला दोनशे वर्षांनी जगवायला निघालेल्या माणसाला घरच्या बाईच्या नावाआधी ते अक्षर लावायची घाई कशाला?

शार्लट अडली आहे खरी. सकाळी लिहिलेलं पान मी हिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून वाचतो. राजकन्या सुटली की कादंबरी संपली. मग वाचू काय? खुर्ची इथे आहे, म्हणून मीही इथेच. चँडलरचं जमायचं नाही.

सौ. शुभा व मनोहर यांचे आशीर्वाद.

चँडलर
३० जानेवारी

ती. काकांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र ओट्याशी उभ्यानेच वाचलं. भाजी करपली. ‘सौ.’ तसंच राहू द्या. मी पुन्हा विचारणार नाही.

पण शार्लट सुटली की कादंबरी संपली, असं कसं? वारस दिला की बाई संपली, हेच तर काकूला खटकायचं! शार्लटला अजून अख्खं राज्य करायचंय. पानं पुष्कळ लागतील.

ती इथे लिहा. खुर्ची विमानात मावत नाही म्हणाल, म्हणून सिद्धेश गाडी घेऊन न्यायला यायला तयार आहे. लग्नात काकूने त्याला चिडवलं होतं, जावई कामाचा दिसत नाही म्हणून. त्याला ते अजून खोडून काढायचंय.

तुम्ही नाहीच म्हणणार, ठाऊक आहे. तरी मागते: लोभ तिकडून वाढवू नका, इथे येऊन वाढवा.

तुमची,
विनीता