थरथरणारी रेघ

गुरुवार, ता. १४

प्रिय ठकूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला विचारतो कोण! धाकटीचा पेपर कसा गेला ते कळव. स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणालीस, तो रविवारी येऊन बघतो. म्हणजे, येऊ की नको ते पत्र संपल्यावर तूच ठरव.

तू लिहिलंस, "दादा, मी दवाखान्यात डबा ठेवते आणि एक शब्द न बोलता परत येते. वीस वर्षं यंत्रावर काढलेल्या माणसाला एक झाकण बंद करता येऊ नये?" ते वाचलं आणि हे पत्र लिहायला बसलो.

आमचं काम भाऊजींनी तुला सांगितलं असेलच. मिठाच्या मोठ्या स्फटिकावर एक्स-किरण सोडायचे आणि तो केसाकेसानं फिरवायचा. ठरावीक कोनात किरण जोरात परततात. तो कोन मोजला की किरणांची तरंगलांबी गणितानं निघते. परतलेल्या किरणांची रेघ एक पेन सरकत्या कागदी फितीवर काढतं. किरण आले की रेघ वर, नाहीत तर तळाशी. स्फटिक मेणावर बसवलेला असतो, आणि तो जरा कलला की सगळं मुसळ केरात. तो सरळ करणारा भाऊजींसारखा हात अख्ख्या खात्यात नव्हता.

मी किरण अडवणाऱ्या शिशाच्या काचेमागे, खटक्यापाशी. रीत अशी, की मी खटका दाबून किरणांवर झाकण पाडायचं, "बंद" असं मोठ्यानं म्हणायचं, फितीवर पेन्सिलीनं 'बंद' लिहायचं. मगच त्यांनी बोटं आत घालायची. धोक्याचा लाल दिवा महिनाभर गेलेला होता. "दोन मेहुणे असताना दिवा कशाला?" असं मीच म्हणायचो.

ठकू, त्या दिवशी मी "बंद" म्हणालो, 'बंद' लिहिलं आणि खटका दाबलाच नाही. वीस वर्षांच्या सवयीनं तोंड आपोआप चाललं. खटक्यावरचा हात थर्मासकडे गेला होता. साडेतीन मिनिटं त्यांची बोटं किरणांत होती. त्या वेळी काही जाणवत नाही. आठवड्यानं बोटं लाल झाली, मग काळी.

चौकशीत ते म्हणाले, "खटका मीच बघायचा होता, विसरलो." मी शेजारी उभा होतो, मूग गिळून. त्याआधीच ती फीत फाडून खिशात घातली होती.

आज ती टेबलावर पसरली आहे. झाकण खरंच पडलं असतं, तर 'बंद'नंतर रेघ तळाशी मुकाट आडवी झोपली असती. ती थरथरते आहे. बोटांच्या फटींतून किरण जात होते, बोटं हलली की रेघ हलत होती. माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी चहा ओतत होतो! त्यानंतर लगेच रेघ उंच चढली आहे, आमच्या हातून निघालेली सगळ्यात सुरेख. तरंगलांबी पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळली. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

दोन बोटं काढली तेव्हा मी भाऊजींना विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?" ते म्हणाले, "तिला नवरा एका हाताचाही चालेल. भाऊ तिला एकच आहे. गप्प बसा आता."

मी गप्प बसलो. दीड महिना. तू त्यांच्याशी बोलत नाहीस हे माहीत असूनही बसलो. मी भित्रा आहे, ठकू.

शनिवारी मनगटापासून हात काढणार आहेत. हे पत्र आजच हातोहात पाठवतो आहे, त्याआधी त्यांच्याशी बोल. त्यांच्या हातून काही चुकलं नाही. त्यांनी फक्त माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. फीत उद्या सकाळी साहेबांच्या हातात देतो.

खाली नेहमीसारखं 'तुझा दादा' लिहीत नाही. जागा सोडली आहे. लिहावंसं वाटलं तर तू लिही.