समोरचं दार

६ ऑक्टोबर

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. हे वाचेपर्यंत तरी तुझा गुडघा गप्प बसलेला असो. इकडे सगळे ठीक. तुझ्या भावजयीची सर्दी हटत नाही, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजी नाही.

जुन्या घरातलं सामान भंगारवाल्याला द्यायच्या आत तुझं काय ते घेऊन जा, असं कळवलंस. माझ्या हातचं तिथे काय काय आहे ते लिहितो, म्हणजे मागाहून वाद नको. स्वयंपाकघरातली तीन फळ्यांची मांडणी. तिची वरची फळी तिरकी दिसते, पण तिरकी भिंत आहे, फळी पातळीत आहे. तुझ्या लग्नात दिलेली पेटी, कोपरे खाचा पाडून एकमेकांत बसवलेले, खिळा एकही नाही. भाऊजींची आरामखुर्ची. तिचा डावा हात मी दोनदा बदलला, कारण ते त्यावर गरम कप ठेवायचे आणि नाही म्हणायचे. तुझ्या पोराचा, ठोकळ्याचा पाळणा होता, तो मोडून त्याच लाकडाचं त्याचं अभ्यासाचं टेबल केलं, ते. मोरीतलं उंच स्टूल, तुझा गुडघा धरल्यानंतरचं. आणि पुढचं दार, चौकटीसकट.

दार सोडून सगळं पाठव. दार त्या घराचं आहे, ते तिथेच राहू दे.

हे सामान नव्या फ्लॅटच्या रंगाला जात नाही, असं ठोकळ्याचं म्हणणं पडलं म्हणे. बरोबर आहे. त्या फ्लॅटला पुठ्ठाच शोभतो. ठोकळ्या ज्याच्याकडे नोकरीला आहे आणि ज्याने तो सवलतीत दिलाय, त्याच बिल्डरचा नमुन्याचा फ्लॅट मी पाहून आलोय. दारावर बोटाने टकटक केली, तर बुटाच्या खोक्यासारखा आवाज आला. दाखवणारी मुलगी म्हणाली, काका, जोरात नका वाजवू.

तू दोनदा बोलावलंस आणि मी आलो नाही, याचा तुला राग आहे. आमदार झाल्यापासून धाकट्याच्या डोक्यात हवा गेली, असं तू भावजयीला म्हणालीस, तेही पोचलं. अधिवेशन चालू आहे हे खरं. रविवारी अधिवेशन नसतं हेही खरं. ते राहू दे.

कामाचं विचारलंस. सध्या नुसती किळस येते, दुसरा शब्द सुचत नाही. सरकारने एक विधेयक आणलंय. नाव गरिबांच्या घरांचं आणि काम त्याच बिल्डरचं. वरच्या खोऱ्यातला जंगलाचा अख्खा उतार घरांसाठी मोकळा करायचा, आणि त्यासाठी तिथल्या आदिवासी वस्त्यांची संमती घ्यायची कायद्यातली अट काढून टाकायची. त्या उतारावर ती माणसं आपल्या पणज्याच्या आधीपासून आहेत. मधून झरा येतो. खाली शहरातले निम्मे नळ त्याच्यावर चालतात, पण शहराला वाटतं पाणी नळात पिकतं. एवढं करून गरिबांना घरं किती, तर दहात एक, आणि तीही तळाशी, जिथे दरड येऊन बसते.

जन्मभर घरांसाठी भांडलो आणि आता घरांच्या विरोधात उभा, म्हणून समोरच्या बाकांना मजा येते. सुतारमामा, गिऱ्हाइकं नकोशी झाली का, असं परवा एकाने विचारलं. मी म्हटलं, हवीत, पण एकाच्या घराचं आढं उतरवून दुसऱ्याचं दार करणाऱ्यातला मी नाही. मी शाळा सहावीत सोडली हे ते विसरत नाहीत. कायदा मी रात्रशाळेतही शिकलो नाही, रंधा मारता मारता वाचला. त्यामुळे मला त्यातली गाठ हाताला लागते.

मागच्या आठवड्यात मंत्र्यांनी सभागृहात एक मोठा फोटो आणला. वस्तीतली माणसं मोकळ्या जागेत बसलेली, सगळ्यांचे हात वर. म्हणाले, संमती याहून वेगळी काय असते?

तो फोटो घेऊन मी वर गेलो. पुढच्या रांगेत हात वर करून बसलेली एक म्हातारी आहे, सगळी वस्ती तिला आत्या म्हणते. तिने आधी स्वतःला निरखून पाहिलं, पदर नीट नव्हता म्हणून कुरकुरली. मग म्हणाली, "हे ब्लँकेटवाल्यांच्या वेळचं. थंडीत आले होते. ज्यांना मिळालं नाही त्यांनी हात वर करा, म्हणाले."

मला थुंकावंसं वाटलं. तिचं सारवलेलं अंगण होतं, म्हणून गिळलं. मग मिळालं का, असं विचारलं, तर म्हणाली, छे, फोटो मिळाल्यावर गेले की ते.

आणि ताई, त्यांच्याकडे हात वर करून काही ठरतच नाही. सगळे बसतात आणि ज्याला पटलेलं नाही तो बोलून थकेपर्यंत कुणी उठत नाही. कधी दोन दोन दिवस जातात. हात वर करणं म्हणजे त्यांच्यात मागणं. मी हे सगळं सभागृहात सांगितलं. मंत्री म्हणाले, सन्माननीय सदस्यांना लाकडातलं कळतं, माणसांतलं आम्हाला कळू द्या. बाकं हसली. आमचे नेतेही हसले, मी पाहिलं.

मतदान येत्या गुरुवारी आहे आणि मी मत देणार नाही. लगेच तोंड वाकडं करू नकोस, आमच्याकडे एक जुना रिवाज आहे तो ऐक. एका बाजूचा आमदार आजारी पडला, तर दुसऱ्या बाजूचा एक जण आपणहून मतदानाला बसत नाही, घरी जातो. म्हणजे आजारपणाचा फायदा कुणालाच नाही. कुठे लिहिलेलं नाही, सगळं शब्दावर. त्या इमारतीत धुतल्यासारखी स्वच्छ अशी ही एकच गोष्ट मला सापडली. समोरचे मास्तर इस्पितळात आहेत, छातीत दुखतंय. मला कुणी काही शिकवलं नाही असं मी सांगत फिरतो, पण पहिल्या वर्षी माझी भाषणं वाचून पेन्सिलीने खुणा करून देणारा हा माणूस, तोही समोरच्या पक्षातला. शुक्रवारी त्यांचा प्रतोद आला, म्हणजे आपली माणसं मोजून आत हाकणारा गुराखी. म्हणाला, मास्तरांच्या बदल्यात तू घरी बस. मी शब्द दिला. त्याने चहासुद्धा पाजला नाही.

त्यांच्यातले डोंगराकडचे काही जण फुटून आमच्याकडे आलेत, त्यामुळे बळ यंदा समसमान आहे. मतं सारखी पडली तर विधेयक पडतं. म्हणजे ते नाहीत आणि मी नाही, तरी खोरं वाचतं. हिशेब चोख आहे.

फक्त शनिवारी एक गोष्ट घडली. ती तुला लिहिण्यासारखी नाही.

टेम्पोवाल्याला सांग, पेटी आडवी ठेवू नको.

तुझा,
धाकटा


१९ ऑक्टोबर

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. तुझं पत्र आणि टेम्पो एकाच दिवशी आले. टेबलाचा एक पाय निखळलाय, तो मी बसवीन. पत्राला काय करावं ते कळत नाही.

तू लिहितेस, विधेयक पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बिल्डरने ठोकळ्याला कामावरून काढलं. फ्लॅटची सवलतही रद्द केली, पूर्ण किंमत भरा नाहीतर खाली करा म्हणाले. सख्ख्या मामाने भाच्याच्या पोटावर पाय दिला, असंही लिहिलंस. ते वाक्य मी दोनदा वाचलं नाही. आणि शेवटी विचारलंस, यातून तुला काय मिळालं? उत्तर देतो. आधी गुरुवारचं सांगू दे, कारण वर्तमानपत्रात आलंय की सुताराने शब्द मोडला, आणि तेच तू खरं धरून बसली आहेस.

मी शब्द दिला शुक्रवारी. शनिवारी एक माणूस दुकानात आला आणि मतदानाला बसू नका, असं म्हणून काही देऊ लागला. मी कालच शब्द देऊन बसलोय हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. ज्यांनी पाठवलं त्यांनी एकमेकांना विचारलंच नव्हतं. प्रतोद शब्द मागून घेऊन गेला, तोवर बिल्डरने तोच विकत घ्यायला माणूस धाडला. मी नाही म्हटलं. शब्दाचं काही बोललो नाही. तो गेल्यावर मात्र रंधा खाली ठेवला आणि विचार करत बसलो. मास्तर खरेच येणार नसतील, तर माझ्या न येण्याने यांचा कवडीचा फायदा नाही. मग पैसा कशाचा? बिल्डर फायद्याशिवाय शिंकतही नाही.

म्हणून गुरुवारी रिवाजाप्रमाणे घरी गेलो नाही. सभागृहाच्या दाराबाहेर शिपायांचं बाक आहे, त्यावर बसलो. मतदानाआधी घंटा वाजते. ती थांबली की दारं बंद, मग बाहेरचा बाहेर आणि आतला आत. घंटा वाजू लागली. सगळे आत गेले. दारावरचा शिपाई माझ्याकडे बघेना, त्यालाही लाज वाटत असावी की हा इथे का बसलाय.

आणि बाजूच्या बोळातून मास्तर आले. हातात काठी, मनगटाला इस्पितळाची पट्टी तशीच, प्रतोदाने कोपर धरलेलं.

मला पाहून थांबले. म्हणाले, "तू आज नसणार होतास."

"तुम्हीही," मी म्हणालो.

प्रतोद म्हणाला, शब्द दिलायस तू, लाज बाळग. मी म्हटलं, दिलाय आणि पाळतोय, बघ, बाकावरच आहे. मास्तर खाटेवर परत जात असतील तर मीही उठत नाही. मी मास्तरांकडे बघत होतो. मला खरंच वाटलं, हा माणूस मागे फिरेल. ज्याने माझ्या भाषणात 'इथे खोटं वाटतं' असं समासात लिहिलं होतं, तो हे करणार नाही. त्यांनी मान खाली घातली आणि काठी टेकत आत गेले.

घंटेचा शेवटचा टोला विरत होता, शिपायाने कडीला हात घातला होता. मी आत शिरलो. त्याने दार लावायला जरा उशीर केला, असं आता म्हणतात. केला असेल. मतं समसमान पडली. विधेयक पडलं.

समोरच्यांनी आरडाओरडा केला तो मी समजू शकतो. आमचे नेते मात्र मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, असं परस्पर काही करत जाऊ नको, आपल्यालाही उद्या सरकारात जायचंय. त्यांच्या तोंडाला वेलचीचा वास येत होता. त्या दिवसापासून मला वेलची नको झाली आहे.

वरून आत्याचा निरोप आला: पडलं ते कळलं, बरं झालं, ब्लँकेटचं काय? मी अजून हसतोय. त्या दिवसांत हसलो ते तेवढंच.

आता तुझा प्रश्न.

शनिवारी दुकानात आलेला माणूस ठोकळ्या होता. मी लिहिणार नव्हतो. तू विचारलं नसतंस तर मरेपर्यंत लिहिलं नसतं, आणि म्हणूनच त्या रविवारी बोलावलंस तरी आलो नाही. तू दार उघडलं असतंस, माझ्या तोंडाकडे पाहिलं असतंस, आणि संपलं असतं. लहानपणापासून तुझ्यापुढे माझी एकही गोष्ट लपलेली नाही.

चकाकते बूट घालून भुशात उभा होता. बोलता बोलता समोरच्या फळीवरून हात फिरवत होता, रेषेच्या दिशेने, उलटा नाही. ते मीच शिकवलंय. म्हणाला, "मामा, तुम्हाला काही करायचंच नाहीये. फक्त घरी बसायचं. त्यात काय पाप आहे?" मला वाटलं, याला दोन लगावाव्यात. आणि मला वाटलं, याने नाश्ता केलाय का.

हा गुन्हा आहे, ताई. आमदाराला मतासाठी काही देऊ केलं की आत जातात. तक्रार करणं माझं काम होतं. दुसऱ्या कुणाचा भाचा असता तर मी सभागृहात उभा राहून नाव घेतलं असतं, फोटोसकट. केली नाही. दुसऱ्यांची घाण चव्हाट्यावर आणतो आणि घरातली भुशाखाली ढकलतो, असा झालोय मी. आरशात बघून दाढी करायचा कंटाळा येतो.

आणि एक. नाही म्हणण्याआधी मी मनातल्या मनात माझं कामाचं टेबल तो देत होता त्या जागेतल्या मागच्या खोलीत लावून पाहिलं. खिडकीखाली बसत होतं.

जुनं घर अजून तुझ्या नावावर आहे ना? दार मी उगाच ठेवायला सांगितलं नव्हतं. सामान त्याच टेम्पोने परत आणतो, मांडणी मी स्वतः बसवून देईन. ठोकळ्याला काम नसेल तर दुकानात आहे. बूट बाहेर काढून यावं.

तर मला काय मिळणार होतं ते असं. तुझ्या दारासमोरचं दार. तळमजला, दोन खोल्या आणि मागे माझ्या कामापुरती तिसरी, सगळं माझ्या नावावर. वर रोख. ठोकळ्या म्हणाला, "आई म्हणते, धाकटा समोर राहायला आला की मला आणखी काही नको." हे तू खरोखर म्हणालीस की त्याने रचलं, ते मला कधी कळवू नकोस. ज्यांनी त्याला पाठवलं त्यांना तुझं नाव कसं वापरायचं ते माहीत होतं, एवढं पुरे.

समोरचं दार आणि चाळीस लाख. मी नाही म्हणालो.

तरीही तुझाच,
धाकटा