काट्याभोवतीची गर्दी

यवतमाळ
९ डिसेंबर १९६२

प्रिय मारोती,

तुझं कार्ड बाबांना महागावला मिळालं. 'मी खुशाल आहे, तुम्हीही खुशाल असा' एवढंच लिहायचं होतं तर कार्ड तरी कशाला नासवलंस? बाबा मात्र ते बंडीच्या खिशात घेऊन फिरतात. त्यांचा दमा वाढलाय. मागच्या महिन्यात घरी गेले तर त्यांनी एकच विचारलं, "मारोती घरी कायले येत नाही व?" आईला माती देऊन तू राजूरच्या खाणीवर गेलास, त्याला या हिवाळ्यात सहा वर्षं होतील. मी उठून चुलीपाशी गेले.

पण आज वेगळंच सांगायला बसलेय. तू लहानपणी बेडूक उलटा करून त्याचं पोट कसं हलतं ते बघत बसायचास आणि मी ओरडायची. आता तुझी ही बाई, मोठी बहीण असून, तुझ्या वरताण झालीय. इथे दवाखान्यात नर्सचं शिकताना मला रक्त-लघवीच्या बाटल्या तपासणीच्या खोलीत पोचवाव्या लागतात. तिथले पुंडलिकराव स्वभावाने खडूस, पण कुणी मनापासून विचारलं की माणूस खुलतो. मी विचारलं, पू म्हणजे नेमकं काय हो? मला वाटायचं सडलेलं रक्त. त्यांनी एका बाईच्या गळवातला थेंब काचेवर पसरला, निळ्या रंगात बुडवला, वाळवला आणि मला सूक्ष्मदर्शक दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. "पाह्य, कसे खाऊन राह्यले."

आधी काहीच दिसेना, माझ्याच पापण्या दिसत होत्या. मग दिसलं. गोल गोल पेशी, प्रत्येकीच्या आत निळ्या गाठी, आणि त्यांच्या पोटात मण्यांच्या तुटक्या माळेसारखे ठिपके. ते ठिपके म्हणजे रोगाचे जंतू, गिळलेले. पू म्हणजे लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा ढीग, मारोती, आणि आपण तो नाक मुरडून पुसून टाकतो. मी इतका वेळ वाकून राहिले की सिस्टर विमलताई शोधत आल्या आणि त्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

तेव्हापासून मला चैन नाही. देवीची लस टोचली की शरीर त्या एका रोगाची ओळख ठेवतं, हे आम्हाला शिकवलंय. पण या पेशींना तर कुणाची ओळख लागत नाही. परका दिसला की धावल्या. पुंडलिकरावांनी सांगितलं, ऐंशी वर्षांपूर्वी एका रशियन माणसाने समुद्रातल्या तारामाशाच्या इवल्या, काचेसारख्या पिलाला काटा टोचला. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींची गर्दी. त्या जिवाला धड रक्तसुद्धा नाही, तरी जन्मतःच एवढं येतं. म्हणजे बैलालाही येतं, तू उलटा करायचास त्या बेडकालाही. आधी कातडीची भिंत, मग डोळ्यातलं पाणी, नाकातला शेंबूड, सगळे आपापल्या जागी राखण करतात. जखम लाल होते, सुजते, ती कुमक येण्याची वाट मोकळी व्हावी म्हणून. तापसुद्धा शरीर स्वतःच चढवतं, बाहेरून कुणी पाठवत नाही. मात्र जंतू फार वाढले तर या पेशी कमी पडतात. तेव्हा बाहेरची मदत लागते, पेनिसिलिनची सुई लागते, आणि ती वेळेवर लागते.

काटा म्हटलं की मला आईचा पाय दिसतो. कापूस वेचताना बाभळीचा काटा शिरला, टाच सुजली, चौथ्या दिवशी अंग भट्टीसारखं तापलं. नागपूरहून धम्माची दीक्षा घेऊन येऊन आपल्याला दोन महिनेही झाले नव्हते. घरातले देव काढायचे असं सगळ्या वस्तीने मिळून ठरवलं होतं, आणि देव्हाऱ्यातला मरीमायचा पितळी टाक तू स्वतःच्या हाताने नदीत सोडला होतास. आई गेल्यावर शेजारची रुखमाबाई तुझ्या तोंडावर म्हणाली, "मायचा कोप झाला रे बापू." तेव्हापासून तू कुणाशीच धड बोलला नाहीस. तू तेच धरून बसलायस हे मला ठाऊक आहे.

आता ऐक, हे मी सहा वर्षं लपवलंय. तू टाक सोडलास त्याच संध्याकाळी मी गुडघाभर पाण्यात उतरून तो काढून आणला. मला भीती वाटली होती, दुसरं काही नाही. तो तुरीच्या कणगीत लपवला. आईला ताप चढला तेव्हा मी चोरून त्याला दहीभात दाखवला, कडुनिंब वाहिला. देवी घरात होती, तिची पूजा चालली होती, तरी आई गेली. आणि तू बैलबंडी जुंपून आईला पुसदच्या डॉक्टरकडे न्यायला निघालास तेव्हा आई नको म्हणते असं मी सांगितलं. आई तसं म्हणालीच नव्हती. अंगात माय असताना औषध देऊ नये, असं रुखमाबाईने मला बजावलं होतं, आणि मी तीन दिवस घालवले. आईचं शरीर ते तीन दिवस एकटं लढत होतं. काचेवर ते निळे ठिपके बघून मला हेच कळलं आणि मी भांड्यांच्या खोलीत जाऊन रडले. बाबांना मी पुढच्या रविवारी सांगणार आहे, पण आधी तुला सांगायचं होतं. तुझ्या हातून काही झालं नाही, मारोती. झालं ते माझ्या हातून. रागवायचं असेल तर रागव, पण घरी येऊन रागव.

तुझीच बाई,
पंचफुला