लिओनेलच्या बंबाचे तीन पाय

ठाकुर्ली, मंगळवार

अखंडित-झाकण-अलंकृत लिओनेलराव, मुक्काम कळवा, यांस शाळेतल्या बाकमित्राचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा, कॉन्स्टन्सवहिनींचं लोणचं आणि सेरेनाचा लग्नाचा उत्साह ही तिन्ही कुशल असावीत. (उत्साह कुशल असल्याचं तुझ्या लेकीच्या रोजच्या चार फोनांवरून कळतंच.) आता फिर्याद. रविवारी तू बंब दुरुस्तीला टाकून गेलास आणि जाताना माझ्या फ्लक्सच्या, म्हणजे धातू सांधताना लावायच्या लेपाच्या, डबीचं झाकण घेऊन गेलास. चोरी म्हणत नाही. मित्राने केली की तिला विस्मरण म्हणावं, असा शिष्टाचार आहे. पण झाकणावाचून फ्लक्स सुकतो, आणि सुकलेला फ्लक्स म्हणजे निवृत्त मुख्याध्यापकांचा उपदेश: कितीही लावा, वितळत नाही.

बंब तुझ्या आईचा. शनिवारी नवरीच्या न्हाणासाठी विहिरीवरून उंबराचं पाणी वाजतगाजत येणार, ते त्यातच तापणार आणि आजीसारखी सेरेनाही त्याच पाण्याने न्हाणार, हा तिचा हट्ट. (गीझर सुचवून पाहिला. फोन ठेवला तिने.) अंग तांब्याचं, तोटी पितळेची, पाय लोखंडाचे, थोडक्यात, आमच्या सोसायटीची कमिटीच. संस्कृत शिकवता शिकवता सासऱ्यांचं हे ब्रेझिंगचं, म्हणजे धातू सांधायचं, दुकान गळ्यात पडलं, त्याला बावीस वर्षं झाली, तरी धातूंचे स्वभाव मला नात्यांवरूनच लक्षात राहतात. तांब्याला तांबं जोडायचं तर सांध्यात वितळवायला फॉस्फरसचा रॉड पुरतो, फ्लक्स नको. सख्ख्या भावांना मध्यस्थ कशाला? (तुझे भाऊ अपवाद.) तांबं आणि पितळ हे चुलत भाऊ, रॉड तोच, पण मध्ये थोडा फ्लक्स हवा. लोखंडाशी मात्र हा रॉड तोंडावर गोड वागतो आणि आतून ठिसूळ राहतो. तिथे चांदीचा रॉड आणि सढळ हाताने फ्लक्स. आपले पूर्वजही सोनं सांधायला टाकणखार वापरत, तोही फ्लक्सच; त्यांच्या डब्यांची झाकणं पाहुणे नेत नसावेत.

तर शिवण सांधली, तोटी बसवली, तिन्ही पाय जोडले. सांधे असे चकाकत होते, की शेजारच्या गिरणीवाल्या पंढरीला मुद्दाम बोलावून दाखवले आणि कौतुकाच्या भरात बंब काठोकाठ भरला. एक पाय निखळला. बंब आधी विनयाने वाकला, मग त्याने निम्मं पाणी माझ्या चरणी वाहिलं आणि निम्मं पंढरीच्या बाजरीला. पंढरी म्हणाला, "काय गुरुजी, नवरी कोण? सेरेना का तुम्ही?" सकाळपासून अख्खी गल्ली माझ्याकडे आहेराचं विचारते आहे. दोष अर्थात तुझ्या झाकणाचा.

काळजी नको. तिन्ही पाय काढून, घासून कोरे केलेत. शनिवारी बंब उभा असेल.

तुझा (अजून थोडा ओला)
प्रफुल्ल

ता. क. झाकण सापडलं. माझ्याच चहाच्या पेल्यावर होतं. फिर्याद मागे घेतो आणि दंड म्हणून चर्चमध्ये मंगलाष्टकं म्हणण्याचा हट्ट सोडतो.

आणखी एक ता. क. फ्लक्सही सुकला नव्हता. पायांना मी रॉडच चुकीचा लावला. चांदीच्या रॉडचं टोक पांढरं रंगवलेलं, फॉस्फरसवाल्याचं पिवळं. मला हल्ली दोन्ही पिवळीच दिसतात. मोतीबिंदू आहे. फ्लक्स पाण्यासारखा नितळ झाला की रॉड टेकवायचा असतो. तो क्षणही आता ज्योतीत दिसत नाही. शुक्रवारी सकाळी ये. रॉड निवडून दे, शेजारी उभा राहा आणि नितळ झालं की नुसतं "आता" म्हण. हात अजून स्थिर आहे माझा. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन साधं असतं. घरी अजून सांगितलेलं नाही. ऑपरेशननंतरही तो क्षण दिसला नाही तर, याची भीती वाटते रे.