जयरामने विमान पळवल्याची तार

एकलहरे, शनिवार, २० फेब्रुवारी १९८२

आदरणीय दाजी आणि विमलाताई यांना सावळीरामचा सप्रेम जयभीम.

दाजी, तुमच्या गुडघ्याचं आता कसं आहे? तेल लावता का? ताईचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुमचा जयरामही बरा आहे, माझ्यासमोर बसून भाकरी खातोय. (हे आधी लिहितोय, म्हणजे पुढचं वाचताना ताईने कपाळाला हात लावू नये.)

सोमवारी दुपारी मी स्टोअरमध्ये पोती मोजत होतो, तेव्हा तार आली. जयरामने लिबियात जाताना कंपनीला माझाच पत्ता दिला होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. तार इस्तंबूलहून, त्याच्या तुर्की कंपनीच्या तिथल्या ऑफिसातून; घरी येताना त्याला तिथेच विमान बदलायचं होतं. इंग्रजीत एवढंच : जयराम ॲबडक्टेड एरोप्लेन संडे, डू नॉट वरी. एरोप्लेन कळलं, संडे कळला. मधला शब्द काही कळेना. आमच्या सेक्शनच्या सहादूकडे मोठा शब्दकोश आहे. त्याने बोट फिरवत फिरवत तो शब्द काढला आणि चष्मा उतरवून ठेवला. ॲबडक्ट म्हणजे पळवून नेणे, अपहरण करणे. मी म्हटलं, दुसरा काही अर्थ बघ. त्याने पान उलटून पाहिलं. दुसरा अर्थ नव्हता.

दाजी, कसारा घाटात गाडी हलली की ज्याला उलटी होते तो आपला जयराम. त्याने विमान पळवलं! पण हल्ली पेपरात रोज काय काय येतं, आणि परमुलखात माणसाला कोण कशाच्या नादी लावेल, सांगता येत नाही. मालनने दोन दिवस चूल नावापुरती पेटवली. मी रेडिओला कान लावून बसलो. बातम्यांत विमानाचं नाव नाही, तेव्हा वाटलं सरकार दाबतंय. (ताप तपासायला डॉक्टरकडे गेलो होतो. ताप नव्हता.) तुम्हाला कळवायचं म्हणून तीन कार्डं लिहिली आणि तिन्ही फाडली.

मंगळवारी मी स्वतःच पोलीस ठाण्यात गेलो. उद्या ते घरी येण्यापेक्षा आज आपण गेलेलं बरं, असा माझा विचार. तिथले साहेब फार सभ्य. बसायला खुर्ची दिली. मुलगा स्वभावाने कसा, असं त्यांनी विचारलं. आता घाबरलेल्या माणसाच्या तोंडून काय निघेल? मी सांगितलं, लहानपणापासून गप्प असायचा, मनात काय चाललंय कळायचं नाही. साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. बाहेर आल्यावर पायरीवर बसलो. आपण काय बोललो ते तिथे कळलं.

तिथून तसाच नाशिकच्या द्वारका चौकात, रावजींच्या टायरच्या दुकानात. जयरामचा साखरपुडा झालेला, तुमच्या होणाऱ्या व्याह्याला पेपरातून कळू नये. त्यांनी चहा पाजला, तार दोनदा वाचली आणि म्हणाले, लग्नाची तारीख तूर्त काढू नका. आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू विमान मीच पळवलंय.

काल सकाळी दारात जयराम! हातात पेटी, डोळे सुजलेले. (मुंबईहून येताना तो गाडीत झोपला आणि इगतपुरी मागे टाकून थेट नाशिकरोडला उतरला, म्हणून आधी आमच्याकडे. ताईने रागावू नये.) मालन रडायला लागली. मी विचारलं, विमान कुठाय? तो म्हणाला, "मामा, विमान चुकलं माझं." घड्याळ त्याने लिबियाच्या वेळेवरच ठेवलं होतं. विमानतळावर पोचला तर विमान उडून गेलेलं. मग चार दिवस कंपनीच्या ऑफिसात राहिला.

आणि तार? तो हसायला लागला. तुर्की लोकांत म्हणे एकच शब्द आहे, काचिरमाक. बस चुकली तरी तोच, माणूस पळवला तरी तोच, मुलीला लग्नासाठी पळवून नेलं तरी तोच, आणि बकऱ्या काचिरमाक झाल्या म्हणजे माणसाचं डोकं फिरलं. ऑफिसातल्या कारकुनाने शब्दकोश उघडला, पहिला इंग्रजी शब्द दिसला तो तारेत घातला. कारकुनाला मी दोष देत नाही. मीही कारकूनच. पण दाजी, त्या आठवड्यात आमच्या घरच्या बकऱ्या किती लांब गेल्या होत्या, ते मालनला विचारा.

हे पत्र आजच ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवतोय; जयराम उद्या रविवारी सकाळच्या गाडीने इगतपुरीला येतोय. ताईला आता जेवायला बस म्हणावं.

आपला,
सावळीराम

ता. क. पोलीस ठाण्यात मी जे सांगितलं ते जयरामला अजून माहीत नाही. खरं सांगायला काल पुन्हा ठाण्यात गेलो, तर साहेब म्हणतात, मुलगा आणि वडील दोघांनी येऊन सही केली की कागद बंद. तेव्हा तुम्हाला येणं भाग आहे. तो जबाब त्याने वाचायच्या आत तुम्ही त्याला समजवा, की मामा घाबरला होता. मला ते तोंडावर सांगता येणार नाही.

ता. क. २ आलात की द्वारकेलाही जाऊन या. मूळ काम हेच. खरं कळल्यावर रावजींकडे मी अजून गेलेलो नाही, आणि त्याचं कारण रावजी नव्हेत. मंगळवारी तार वाचून झाल्यावर मी उठलो, तर त्यांची मुलगी मैना आतल्या दारात उभी होती. मला वाटलं, आता रडणार. तिने विचारलं, "एकट्यानं?" मी म्हटलं, तारेत दुसऱ्या कुणाचं नाव नाही. तर दाजी, ती पदर सावरून कौतुकानं हसली, आणि वडिलांना म्हणाली की तारीख लवकरची काढा. तिला खरं काय ते तुम्ही सांगा. मी सांगणार नाही.