मामंजींचं नायलॉन

३ फेब्रुवारी, सोमवार
ताडकळसचा मुंजाजी पुन्हा दुकानात. त्याच्या हळद धुवायच्या ड्रमचा बुश पुन्हा जाम! तीन आठवड्यांत दुसरा. दोन्ही मामंजींनी लेथवर कातून काढलेले, दोन्ही नायलॉनचे. दांड्याभोवतीचं ते कडं पाणी पिऊन फुगतं आणि दांडा आवळून बसतं. मी तसं म्हटलं. पण सासऱ्यांना कोण शिकवणार!
"तू फोन घेत जा, शुभदा. लेथ बायांचं काम न्हाई."
लय राग आला. डिप्लोमा काय फोन घ्यायला केला? मला लेथ चालवायचाय. बस्स.

४ फेब्रुवारी
मानवतच्या बाजारात पांढरी सळई म्हणजे नायलॉन. रॅकवर चार पांढऱ्या सळ्या, चारी वेगळ्या जातीच्या — आणि मामंजी चौघींना एकाच नावानं हाक मारतात.

५ फेब्रुवारी
स्वयंपाकघरात ओळखपरेड घेतली! चार सळ्यांचे चार तुकडे, एक पातेलं. साध्या पाण्यात एक तरंगला — पॉलिथिलीन, जिनिंगच्या घसरणीला आतून लावतात ते, कापूस अडकू देत नाही. बाकीचे बुडाले. मग मीठ टाकत गेले, विरघळायचं थांबेपर्यंत. नायलॉन वर आलं! उरलेल्या दोघांत टेफ्लॉन हातालाच जड लागतं. गुळगुळीत खरं, पण ओझ्याखाली दबतं. राहिलं अ‍ॅसिटल. पाणी जवळजवळ पीत नाही, माप सोडत नाही. ड्रमला हेच पाहिजे.
सासूबाई आल्या तेव्हा मिठाचा डबा अर्धा झाला होता. काय शिजवायलीस, म्हणाल्या. प्लास्टिक, म्हटलं. त्यांनी डबा उचलून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

६ फेब्रुवारी
नायलॉनला उगाच नावं ठेवू नयेत. डाळमिलच्या गिअरला तेच बरं — कोरड्यात दणके सोसतं, आवाज करत नाही.
पॉलिकार्बोनेट म्हणजे आमच्या नणंदबाई. आरपार स्वच्छ, हातोडी झेलतील, पण थिनरचा थेंब लागला की तडे. एबीएस म्हणजे आमचे हे! मिक्सरचं बूड, टीव्हीची पाठ, कुठंही बसवा, चकचकीत दिसणार. उन्हात मात्र ठेवायचं नाही. मामंजी या यादीत येतच नाहीत. ते बिडाचे आहेत, ओतीव लोखंडाचे.

७ फेब्रुवारी
केलं! सकाळी मामंजींनी मुंजाजीचा तिसरा बुश काढला. नायलॉनचाच. पुडकं बांधून ठेवलं, जेवले, मागच्या खोलीत आडवे झाले. घोरणं सुरू झालं तसा मी लेथ सुरू केला. बुश निघाला — अ‍ॅसिटलचा, बाहेरून हुबेहूब त्यांच्या बुशासारखा. पुडक्यातला त्यांचा काढून माझा ठेवला. खालची कातरण झाडून गोणीत. मामंजी उठून चहा मागायला लागले तेव्हा मी फोनपाशी बसून होते, अगदी सालस सून!

८ फेब्रुवारी
मुंजाजी सकाळीच पुडकं घेऊन गेला. हाही बुश जाम झाला तर चाळीस वर्षांचं नाव मामंजींचं जाईल, माझं नाही. हे काल सुचलं नव्हतं. आणि लेथ तर मग जन्मात मिळायचा नाही.

१५ फेब्रुवारी
मुंजाजीचा फोन नाही. वाजला की मीच झडप घालते.

२४ फेब्रुवारी
मुंजाजी पेढे घेऊन आला! ड्रम दोन आठवडे न थांबता फिरतोय. गावातल्या आणखी बारा ड्रमांना तसेच बुश पाहिजेत म्हणे.
"तुमच्या हाताला तोड न्हाई, आण्णा."
मामंजी मिशीतल्या मिशीत हसले. माझ्याकडं वळून म्हणाले, बघ, नायलॉन हाय ते. मी अख्खा पेढा तोंडात कोंबला, नाहीतर हसू फुटलं असतं. पण रात्रभर चरफडले. बुश माझा, पेढे त्यांचे!

२५ फेब्रुवारी
दुपारी मामंजी झोपायला गेलेच नाहीत. अ‍ॅसिटलची सळई आण, म्हणाले. नाव घेऊन! मी गारच पडले.
"माल तुजा बरोबर व्हता. भोक लय आवळ ठिवलं व्हतंस, फिरून तापलं असतं. गोणीत तुजी कातरण दिसली, त्याच राती पुडकं सोडून मी मोकळं केलं."
लाजही वाटली आणि आनंदही झाला. मामंजींनी लेथच्या, सळई धरणाऱ्या चकची चावी माझ्या हातात दिली आणि स्वतः फोनपाशी जाऊन बसले.